शहर बांधाला आले : तुकडा विकण्याआधी वाचा



कांदा साठवणुकीवरचा आमचा कार्यक्रम झाला आणि नेहमीप्रमाणे पत्रे आली. चाळीची रुंदी किती ठेवावी, हवा कशी खेळती ठेवावी, असे प्रश्न असतील असे वाटले होते. पण पुण्याभोवतालच्या गावांतून आलेल्या पत्रांत कांदा जवळजवळ नव्हताच. एकाने लिहिले होते, "साहेब, शेजारच्याने रस्त्याकडचे पाच गुंठे विकले, घेणाऱ्याने भिंत घातली, माझा पाट बंद. उसाला पाणी कुठून देऊ?" दुसऱ्याचा प्रश्न होता, "आमच्या गटावर हिरवा रंग जाऊन पिवळा आला म्हणतात. आता पेरावं का नको?" म्हणून या खेपेला खत-बियाणे बाजूला ठेवून जमिनीविषयीच सांगतो.

शहर येते ते एकदम येत नाही. पुणे महापालिकेत 2017 साली 11 गावे आली आणि 2021 साली आणखी 23 गावे आली. ही तारीख कागदावरची झाली. शिवारात शहर त्याच्या दहा-पंधरा वर्षे आधीच शिरलेले असते, आणि ते शिरते गुंठ्या-गुंठ्याने. एका एकरात 40 गुंठे. त्यातले दोन-चार गेले तर काय बिघडले, असे वाटते. काय बिघडते ते आधी पाहू.

मागच्या उन्हाळ्यात हवेली तालुक्यातल्या एका मळ्यात मी गेलो होतो. दोन भावांचा दोन-दोन एकराचा मळा, मध्ये सामाईक विहीर, पाट थोरल्याच्या रानातून धाकट्याकडे जाणारा. थोरल्याने मुलीच्या लग्नाच्या वेळी डांबरी रस्त्याला लागून असलेले पाच गुंठे विकले. पैसे चांगले आले, लग्न छान झाले. त्याला मी नावे ठेवणार नाही. नड कोणाला चुकली आहे? पण घेणाऱ्याने चारी बाजूंनी भिंत घातली, तेव्हा पाटाचा पहिला पन्नास फुटांचा तुकडा भिंतीच्या आत गेला. बैलगाडीची वाटही त्याच कोपऱ्यातून होती, तीही अडली. धाकट्याने मेथी आणि कोथिंबीर करायचे बंद केले, कारण टेम्पो बांधापर्यंत येईना. पुढच्या वर्षी त्याने रान पड ठेवले. पड रान बघून एजंट रोज यायला लागले. "आबा, नुसतं पडून आहे, त्यापेक्षा देऊन टाका," हे त्याने इतक्यांदा ऐकले की शेवटी त्यानेही दहा गुंठे दिले. पाच गुंठ्यांनी चार एकरांचा मळा मोडला तो असा. जमीन अजून बरीचशी त्या दोघांच्याच नावावर आहे, पण तिथे आता मळा म्हणावे असे काही नाही.

बंधूंनो, पाच गुंठे विकताना पाच गुंठ्यांबरोबर आणखी काय जाते, याचा हिशेब आपण करत नाही. रस्त्याकडची पट्टी गेली की मागच्या 75 गुंठ्यांना तोंड उरत नाही, आणि तोंड नसलेल्या रानाचा भाव पडतो. शेतीसाठीही पडतो आणि विक्रीसाठीही पडतो. ज्याने पुढची पट्टी घेतली, तोच पाच वर्षांनी मागची स्वस्तात मागायला येतो. बंगल्यांची रांग झाली की सांडपाण्याचा शोषखड्डा तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला येतो. त्यांच्या बोअरवेल खोल असतात, आणि उन्हाळ्यात तुमच्या विहिरीचा तळ आधी दिसतो. ओढ्यात भराव पडला की पावसाळ्यात पाणी रानात तुंबते. गोठ्याचा वास येतो, फवारणी नको, रात्री मोटारीचा आवाज होतो, अशा तक्रारी सुरू होतात. ज्याच्या बापजाद्यांनी तिथे गोठा बांधला, त्याच्यावरच खुलासा करायची पाळी येते! यातली कुठलीही एक गोष्ट शेती बंद पाडत नाही. सगळ्या मिळून बंद पाडतात.

कायद्याचे कुंपण कुठवर आहे

पुष्कळांना वाटते की तुकडेबंदी कायदा आहे, तो तुकडे होऊ देणार नाही. हा कायदा 1947 सालचा. शेती परवडेल त्याहून लहान तुकडा होऊ नये, हा त्याचा हेतू. 2023 साली शासनाने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरवले. परंतु महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत, किंवा आराखड्यात रहिवासी, व्यापारी वा औद्योगिक ठरलेल्या जमिनींना या कायद्यातून मोकळीक आहे. पूर्वी झालेले तुकडे नियमित करण्याच्या सवलतीही शासनाने वेळोवेळी वाढवल्या, 2025 मध्येही वाढवल्या. ज्यांची घरे अशा तुकड्यांवर उभी आहेत, त्यांची सोय झाली हे खरे. पण अर्थ ध्यानात घ्या. जिथे शहराचा रेटा सर्वांत जास्त आहे, तिथेच हे कुंपण सर्वांत ठेंगणे आहे. तिथे तुकडा होऊ द्यायचा की नाही हे आता मुख्यतः तुमच्या सहीवर आहे.

कायदा चुकवून व्यवहार करण्याच्या युक्त्याही तुम्ही पाहिल्या असतील. अकरा गुंठे दहा अनोळखी माणसांनी एकत्र घ्यायचे, सातबाऱ्यावर दहा नावे सामाईक लावायची, आणि जागेवर मात्र चुना टाकून प्लॉट पाडायचे. कागदावर वाटप नाही, त्यामुळे कोणाचा प्लॉट कुठला याला आधार नाही. घेणारे बहुधा तुमच्याआमच्यासारखेच असतात, गावाकडून शहरात कामाला आलेले. पुढे रस्ता, नळ, नकाशा, सगळ्याला अडचण येते आणि ते तुमच्याच दारात येऊन भांडतात.

याहून मोठा धोका कुलमुखत्यारपत्राचा. "पैसे आत्ता घ्या, खरेदीखत नंतर करू, तोवर मुखत्यारपत्रावर सही द्या," असे कोणी म्हटले तर सही करू नका. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. पण तो कागद हातात घेऊन समोरचा माणूस तुमच्या नावाने पुढचे दहा व्यवहार करू शकतो, आणि कोर्टाच्या पायऱ्या तुम्हाला चढाव्या लागतात. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही तर नकोच नको. घरात शिकलेला मुलगा असेल, सून शिकलेली असेल, तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. त्यात लाज कसली?

आणि बहिणींचे नाव. "बहीण काय मागणार आहे" म्हणून तिला न विचारता केलेला व्यवहार हमखास अडकतो. महाराष्ट्रात 1994 सालच्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, आणि 2005 च्या केंद्रीय कायद्याने तो सर्व देशभर केला. बहिणीला आधी बोलवा, चहा-पाण्याला बसवा, खरे काय ते सांगा. अनेक घरांत बहिणीनेच "दादा, विकू नकोस" म्हणून जमीन वाचवल्याचे मी पाहिले आहे.

पाट अडला, वाट अडली तर

वर सांगितलेल्या धाकट्या भावाची खरी चूक एकच झाली. तो गप्प बसला. "भावकीत कशाला वाद" म्हणत आठ महिने गेले. मामलेदार न्यायालय कायदा 1906 चा आहे. त्याच्या कलम 5 प्रमाणे वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा प्रवाह कोणी अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते आणि अडथळा काढण्याचा हुकूम मिळू शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. त्याच्याकडे पाटाचा नकाशा होता, वहिवाटीचे साक्षीदार होते, विहिरीतल्या हिश्शाची नोंद होती. फक्त मुदत गेली होती.

मुदत गेली म्हणजे सगळे संपले असे नाही. शेतात जायला वाट नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मिळण्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. दुसऱ्याच्या रानातून शेतीच्या पाण्यासाठी पाट किंवा पाइपलाइन न्यायची असेल तर कलम 49 आहे. पण या वाटा लांबच्या आहेत, आणि तोवर पीक थांबत नाही. म्हणून भिंतीचा पाया खोदताना दिसला, त्याच आठवड्यात अर्ज लिहा. अर्जासोबत सातबारा, गटाचा नकाशा आणि पाटाचे फोटो जोडा, आणि अर्जाची पोच घ्या.

शेजारी विकणारच असेल तर त्याच्याशी भांडण्यापेक्षा एक करा. खरेदीखत होण्याआधी त्याच्याकडे जा आणि म्हणा, "अण्णा, विकायचं तर विका, पण पाटाची न् गाडीवाटेची नोंद खरेदीखतात करून घ्या." चतुःसीमेत वाट आणि पाट लिहिलेला असला तर घेणाराही भिंत घालताना दहा वेळा विचार करतो. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि नंतर ते दहा वर्षांत होत नाही.

पिवळा रंग आला म्हणजे काय

आता आराखड्याविषयी. प्रादेशिक आराखडा असो की विकास आराखडा, त्यात शेती विभाग, रहिवासी विभाग, रस्ते आणि आरक्षणे दाखवलेली असतात. तुमचा गट रहिवासी विभागात गेला म्हणून शेती बंद करावी लागते, असे मुळीच नाही. पीक घेत राहा. रहिवासी म्हणजे पुढे घरे बांधण्याची परवानगी मागता येईल, इतकेच. "आता हे शेत राहिलं नाही" असे सांगणारा माणूस बहुधा विकत घ्यायला आलेला असतो.

आरक्षण पडले असेल, म्हणजे शाळा, बाग किंवा रस्ता, तर गोष्ट वेगळी. तरीही जागा ताब्यात जाईपर्यंत पिकवता येते. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन केली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे खरेदी-सूचना देता येते, आणि त्यानंतर 24 महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. ही सूचना आपणहून द्यावी लागते. कोणी घरी येऊन सांगत नाही.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतीसाठी 30 दिवस असतात. हे दिवस नेमके पेरणीच्या किंवा सुगीच्या धांदलीत येतात, असा माझा अनुभव. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा मसुदा 2021 च्या ऑगस्टमध्ये आला. त्यावर हजारोंनी हरकती पडल्या, सुनावण्या झाल्या, आणि 2025 मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा "आपण लिहून काय होणार" असे म्हणू नका. नवा मसुदा येईल तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन आपला गट नंबर नकाशावर स्वतः पाहा. हरकत लेखी द्या. नुसता "विरोध आहे" असे न लिहिता कारण लिहा: बारमाही बागायत आहे, विहीर आहे, कालव्याचा पाट आहे, झाडे इतकी आहेत, पर्यायी पड जमीन अमुक गटात आहे. सुनावणीला हजर राहा. गावाने मिळून दिलेली हरकत आणि प्रत्येकाची वेगळी हरकत, दोन्ही द्या.

म्हणून पिकाची नोंद महत्त्वाची. 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आपणच करतो. ती दर हंगामात करा. सातबाऱ्यावर सलग पिकांच्या नोंदी असल्या तर जमीन बागायत आहे हे सांगायला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही. रान पड दिसले की नकाशा काढणाऱ्यालाही ते मोकळे दिसते.

विकायचेच असेल तर

मी शेतीखात्याचा माणूस, मी म्हणणार विकू नका. पण कर्ज, आजारपण, शिक्षण यांपुढे माझे म्हणणे किती टिकते ते मला माहीत आहे. विकायचेच ठरले तर चार गोष्टी तपासून मग विका.

रस्त्याकडची पट्टी शेवटपर्यंत धरा. द्यायचेच तर रस्त्यापासून आतपर्यंत उभी पट्टी द्या, म्हणजे उरलेल्या रानालाही तोंड राहील. विहीर आणि तिच्यापर्यंतची वाट आपल्याकडे ठेवा.

खरेदीखतात खरी किंमत लिहा. मुद्रांक वाचवण्यासाठी कमी किंमत दाखवायची रीत पडली आहे. पण उद्या रस्त्यासाठी भूसंपादन आले, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे बाजारभाव काढताना मागच्या तीन वर्षांतली परिसरातली खरेदीखतेच पाहतात. तुम्ही कागदावर पाडलेला भाव तुमच्या सगळ्या गावाला भोवतो.

आयकराचा विचार आधी करा. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराच्या हद्दीत किंवा हद्दीपासून सरळ रेषेत 8 किलोमीटरच्या आत जमीन असेल, तर विक्रीच्या नफ्यावर कर लागू शकतो. शहराची हद्द पुढे सरकली की हे अंतरही बदलते. त्या पैशातून दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत मिळते, मात्र विकलेली जमीन आधीची दोन वर्षे शेतीसाठी वापरात असली पाहिजे. इथेही पीक पाहणीच उपयोगी पडते. इसार घेण्याआधी जाणकाराला विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

आणि सगळीच्या सगळी विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, कूळकायद्याचे कलम 63 तसे सांगते. शेवटचा गुंठा विकून बसलेला माणूस लांबच्या तालुक्यात जमीन घ्यायला जातो, तेव्हा तो शेतकरी असल्याचा दाखला मागतात. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेल्या माणसाला हे ऐकावे लागणे फार वाईट. दुसरीकडे जमीन घ्यायची असेल तर आधी ती पाहून ठेवा, मग इथली द्या.

हडपसरच्या मगरपट्ट्याचे उदाहरण पुष्कळजण देतात. तिथला भाग 1982 च्या आराखड्याच्या मसुद्यात भावी शहरीकरणासाठी दाखवला गेला. पुढे सुमारे 120 कुटुंबांनी आपली 400 एकरांवर जमीन एकत्र ठेवली, कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितका त्याचा भाग, आणि 2000 च्या सुमारास स्वतःच नगर उभारायला घेतले. मळे गेले, पण मालकी गेली नाही. ऊस आणि भाजीपाला पिकवणारी घरे तिथे भागीदार झाली. हे उदाहरण मोठे आहे. पण ते घडले ते बहुतेक घरे एकाच भावकीतली होती, पुढारपण विश्वासाचे होते आणि आधी कोणी तुकडे विकले नव्हते म्हणून. ज्या शिवारात शंभर तुकडे पडले आहेत, तिथे कोणी येऊन "आपण मगरपट्टा करू" म्हणाला तर कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रान चालते ठेवा

शहर जवळ आल्याचा तोटा सांगितला, पण फायदाही आहे. ऊस कारखान्याला घालणाऱ्या माणसाला शहर जवळ असो की लांब, सारखेच. पालेभाजीवाल्याला नाही. मेथी, शेपू, कोथिंबीर महिना-सव्वा महिन्यात निघते, आणि पहाटे काढून सकाळी सातला ग्राहकाच्या हातात देता येते. लांबच्या माणसाला हे जमत नाही. फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला 2016 पासून मोकळीक आहे, आणि शहरात शेतकरी आठवडी बाजार भरतात. ज्या सोसायटीने तुमचे पाणी ओढले, तिच्याच दारात भाजीची गाडी उभी करा! उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या बाजूला रोपवाटिकांनी कमी जागेत किती घरे तारली आहेत ते एकदा जाऊन पाहा. नव्या बंगल्यांना रोपे, हिरवळ आणि माती लागते, आणि ती देणारा जवळ असला तर त्यांनाही हवाच असतो. दूध रतिबाने घातले तर डेअरीपेक्षा भाव बरा मिळतो, फक्त चाऱ्यासाठी बांधाकडेने गवत लावून ठेवा.

एक मात्र पाळा. ओढ्यात येणारे गटाराचे पाणी पालेभाजीला देऊ नका. भाजी दिसते टवटवीत, पण ज्याच्या घरी जाते तिथे लहान मुले असतात.

दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून ठरवले तर रान चालते ठेवणे सोपे जाते. पाट एकत्र साफ करा, राखणीला माणूस एकत्र ठेवा, टेम्पो एकत्र सांगा. कोणाला नड आली तर आधी बांधाला बांध असलेल्यांनी विचारायचे, ती जमीन घ्यायची किंवा गहाण न घेता हातउसने द्यायचे, असे काही गावांत ठरले आहे. लेखी काही नाही, पारावर बसून ठरलेले.

वाट, पाट, आराखडा यांविषयी तुमचा प्रश्न असेल तर पत्राने कळवा. पत्रात गाव, तालुका, गट नंबर, एकूण क्षेत्र, जिरायत की बागायत, आणि अडथळा कोणत्या तारखेपासून आहे ते जरूर लिहा. तारीख नसली तर सहा महिन्यांची मुदत शिल्लक आहे की नाही ते आम्हाला सांगता येत नाही. सातबाऱ्याची झेरॉक्स जोडा, मूळ उतारा किंवा खरेदीखत पाठवू नका.